ग्रीक शाळेचा पट आणि केकमधलं नाणं

त्या शनिवारी सकाळी वर्गात होतं ते असं: खुर्च्या बावीस, पैकी तीन बसण्याच्या लायकीच्या नाहीत. फळा एक. ग्रीसचा नकाशा एक, त्यातलं क्रीट उंदरांनी खाल्लेलं. मुलं नऊ. आज्या सात. थ्रासोकाका एक. मधल्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली बेचाळीस सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन किलो सातशे ग्रॅम वजनाचा केक एक. केकमध्ये नाणं एक. निदान माझ्या माहितीप्रमाणे एक.

पटावर मुलं अकरा होती. उरलेले दोघे भाऊ सप्टेंबरातच आईबापांबरोबर जर्मनीला गेले होते. मी नावं कापायला निघाले तेव्हा आमच्या ग्रीक मंडळाचे अध्यक्ष थ्रासोकाका म्हणाले होते, "गेलेत ना? मेले तर नाहीत? मग राहू देत पटावर."

अथेन्सच्या कचेरीचा नियम साधा आहे. परदेशातल्या शनिवारच्या ग्रीक शाळेत दहा मुलं असतील तर पुस्तकं मिळतात, खोलीचं भाडं मिळतं, शिकवणाऱ्याला जाण्यायेण्याचा खर्च मिळतो. नऊ झाली की सगळं बंद. शेजारच्या गावातली शाळा अशीच बंद पडली. तिथे आता ग्रीक म्हणून फक्त नाच उरलाय, आणि नाचणाऱ्यांना गाण्याचे शब्द कळत नाहीत. ते हसत हसत नाचतात, आणि गाणं असतं मुलगा लढाईत मेल्याचं. मी ते एकदा पाहिलं. 

मी रसायनशास्त्र शिकले आहे. आठवडाभर नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत असते आणि शनिवारी या गावात, म्हणजे चेक देशाच्या उत्तर टोकाला, एका बोलिंगच्या अड्ड्याच्या वरच्या खोलीत मुलांना ग्रीक शिकवते. खाली कुणी नऊच्या नऊ सोंगट्या पाडल्या की वर खडू उडतो. माझं नाव पोलिक्सेनी. मुलं 'बाई' म्हणतात. म्हाताऱ्या 'पोली' म्हणतात आणि पुढे काहीतरी सल्ला देतात.

डिसेंबरात पत्र आलं की कचेरीचे समन्वयक क्लेआन्थिस राप्सोमातिस जानेवारीत जातीने वर्ग पाहायला येत आहेत. मी पत्र तीनदा वाचलं. थ्रासोकाकांनी एकदाही नाही.

"घाबरतेस काय? वासिलोपिता कापू त्या दिवशी," ते म्हणाले. "केक आला की माणसं येतात. माणसं आली की गर्दी होते. गर्दीत नऊ की अकरा, कोण मोजतोय?"

"ते मोजायलाच येतायत, काका."

"तोंडात केक असला की माणूस मोजत नाही."

नववर्षाचा केक, आत एक नाणं, ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष चांगलं. एवढीच गोष्ट. मी म्हणाले, केक मी करते. मला वाटलं, दोन तासांचं काम आहे, आणि वजनमाप तर माझ्या रोजच्या सवयीचं. हे वाक्य मी मोठ्याने बोलले ही चूक झाली, कारण आमच्या गल्लीतल्या घरांच्या भिंती पातळ आहेत.

माझी आजी स्तामातिया म्हणाली, वासिलोपिता म्हणजे केक नव्हेच, ती चीज आणि कांद्याची पात घातलेली पापुद्र्यांची पाई. शेजारच्या आन्थुलाकाकू म्हणाल्या, ते मेंढपाळांचं खाणं, माणसं संत्र्याची साल घालून गोड करतात. दोघींची गावं ग्रीसच्या एकाच डोंगराच्या दोन बाजूंना होती. दोघी यादवी युद्धाच्या वेळी आठ वर्षांच्या असताना एकाच आगगाडीतून इथे आल्या, आणि तो डोंगर त्यांनी सोबत आणला. मी गोड केक करायचं ठरवलं. आजी आठ दिवस माझ्याशी फक्त चेक भाषेत बोलली.

मग कुबिचेक आला. व्रातिस्लाव कुबिचेक हा बोलिंगचा अड्डा आणि वरची खोली दोन्ही सांभाळतो. एकटा माणूस, जाड मिशा, रविवारी धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं पालथी घालतो आणि जुनी बटणं आणतो.

"सार्वजनिक जागेत मुलांना खायला देणार त्यात धातूची वस्तू?" तो म्हणाला. "मुद्दाम? मला आरोग्य खात्याचा कागद लागेल."

आरोग्य खात्यातल्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "नाण्याचा उपयोग काय?"

"नशीब," मी म्हणाले.

"तसा रकाना नाही. घटकपदार्थ, वेष्टन किंवा सजावट."

"मग सजावट."

"सजावट आतून?"

मी शपथेवर सांगितलं की नाणं वीस मिनिटं उकळीन, स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळीन, आणि कापण्यापूर्वी प्रत्येकाला सूचना देईन. बाई म्हणाल्या, "एखाद्या मुलाच्या घशात अडकलं तर सही तुमची आहे." मी सही केली. तेव्हापासून रोज मला कुठल्यातरी मुलाच्या घशात नाणं अडकलेलं दिसू लागलं. कधी सात वर्षांचा कोस्मास निळा पडायचा, कधी बारा वर्षांची इरो. एकदा तर अख्खा वर्ग ओळीने निळा पडला, उंचीप्रमाणे.

शुक्रवारी बेकरीच्या मोठ्या भट्टीत केक भाजला, वर क्रूस काढला, नाणं खालून खुपसलं, आणि खोलीत आणून ठेवला. खोलीच्या किल्ल्या पाच जणांकडे आहेत. हे मला माहीत होतं, पण त्यातून काही निष्कर्ष काढावा असं मला सुचलं नाही.

राप्सोमातिस साहेब वेळेवर आले. राखाडी कोट, बारीक चेहरा, हातात पेन. बोलणं बातम्या वाचणाऱ्यासारखं, एकेक अक्षर इस्त्री केलेलं. ते शेवटच्या ओळीत बसले आणि म्हणाले, "आपलं चालू द्या."

आमचं चालेना. मुलांनी अथेन्सहून आलेल्या पुस्तकातला संवाद पाठ केला होता, विमानतळावरचा. कोस्मासने सुरुवात केली, "माझं विमान..." आणि थांबला. खाली सोंगट्या पडल्या. इरोने त्याला कोपरखळी मारली. "माझं विमान," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. आमच्या नऊंपैकी विमानात कोणीच बसलेलं नाही.

साहेबांनी इरोला विचारलं, "तुला शाळेत काय आवडतं?" इरो, जिचं तोंड एरवी बंद करायला मला फळ्यावर डस्टर आपटावं लागतं, ती पायाकडे बघत राहिली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. 

"केक!" थ्रासोकाका ओरडले.

कापण्याचा क्रम सगळीकडे एकच असतो. केकवरच्या क्रुसापासून सुरुवात, तिथून उजवीकडे. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मेरीमातेचा, तिसरा संत बेसिलचा, चौथा वास्तूचा, म्हणजे शाळेचा, पाचवा जे आज इथे नाहीत त्यांचा. सहावा पाहुण्याचा. मी ठरल्याप्रमाणे सूचना दिली: हळू खा, नीट चावा, आत नाणं आहे. माझा आवाज असा कापत होता की मुलांना वाटलं केकमध्ये सुरुंग आहे.

साहेबांनी पहिलाच घास घेतला आणि थांबले. बोटांनी तोंडातून काहीतरी काढलं. लाल कागदात गुंडाळलेलं नाणं!

टाळ्या झाल्या. आज्यांनी दृष्ट लागू नये म्हणून त्यांच्या दिशेने तीनतीनदा थूथू केलं. साहेब प्रथमच हसले. थ्रासोकाका त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, "खा साहेब, सगळा संपवा! नशिबाचा तुकडा टाकायचा नसतो!" साहेब भराभर खाऊ लागले.

मी मात्र त्या लाल कागदाकडे बघत होते. मी नाणं गुंडाळलं होतं ते चंदेरी फॉइलमध्ये.

"बाई!" कोस्मास ओरडला. "मलापण!" त्याच्या हातात चंदेरी पुडी. माझी.

 मी 'जे इथे नाहीत' त्यांचा तुकडा उचलला आणि कुस्करला. आत फडक्याच्या चिंधीत बांधलेलं तिसरं नाणं निघालं. ती चिंधी माझ्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या पडद्याची होती.

"आजी?"

"मग काय करू?" आजी उसळली. "तू त्या खात्यातल्या बाईला घाबरलीस. मला वाटलं तू घालणारच नाहीस. नाण्याशिवाय वासिलोपिता म्हणजे काय, बिस्कीट!"

"आणि लाल कागद?"

आन्थुलाकाकू छताकडे बघत म्हणाल्या, "साहेबांना नाणं मिळालं तर साहेब खूश. साहेब खूश तर शाळा खूश. मी क्रुसापासून मोजून सहाव्या तुकड्यात घातलं. वाईट काय केलं?"

"तुमच्याही डोक्यात तेच आलं?" थ्रासोकाका खूश होऊन म्हणाले. "मीही सहाव्यातच घातलं!"

"कशात गुंडाळलंत?"

"गुंडाळायचं कशाला? नाण्याला लाज वाटते का?"

चार घातली, तीन सापडली. वस्तुमान नष्ट होत नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकले होते. सगळ्यांनी सावकाश मान वळवून साहेबांकडे पाहिलं. त्यांची बशी स्वच्छ होती.

"मला वाटलं बदाम असेल," साहेब म्हणाले. त्यांचा हात पोटावर गेला. "माझे वरचे दात बसवलेले आहेत. टाळूला नीट कळत नाही." मग ते पांढरे पडू लागले, आणि तो पांढरेपणा मी कल्पिलेल्या मुलांच्या निळेपणापेक्षा वाईट होता.

पण तेच असं खात्रीने कसं सांगणार? कापताना सुरी वाकडी गेली होती. नाणं शेजारच्या तुकड्यात सरकून कुठल्याही मुलाच्या पोटात गेलं असेल. मी उरलेला केक चाळणीतून चाळला. काही नाही. सगळ्या मुलांना ओळीत उभं करून विचारलं, "कोणाला खुपतंय?" नऊच्या नऊ हात वर आले. मी खुर्चीवर बसले. ती त्या तिघींपैकी निघाली.

खुर्ची मोडल्याच्या आवाजाने कुबिचेक वर आला. काय झालं ते ऐकून तो खाली गेला आणि यंत्र घेऊन आला.

मुलं आधी. कोस्मासपाशी यंत्र ओरडलं आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. पट्ट्याचं बक्कल होतं. इरोकडे तीन केसांच्या पिना. बाकी मुलं कोरी. माझ्या आजीच्या कमरेपाशी यंत्र जोरात ओरडलं. "ते माझं आहे," आजी म्हणाली. "सरकारी दवाखान्यात बसवलंय." मग साहेब. पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, पेन काढलं. यंत्र पोटापाशी नेलं. कुबिचेकने चेहरा पाडला, जसा तो शेतात तोफेचा गोळा सापडल्यावर पाडत असेल.

"दवाखाना," तो म्हणाला. "मी गाडी काढतो."

मुलांचे आईबाप दुपारी न्यायला येणार होते. तोवर मुलांना सोडून जाणं माझ्या सहीत बसत नव्हतं. म्हणून मुलांसकट निघालो; आज्या आणि थ्रासोकाका मागे राहिले. गाडीत साहेबांना मध्ये बसवलं आणि भोवती नऊ मुलं कोंबली. आजीने जाताना साहेबांच्या हातात भाकरीचा तुकडा दिला, वर बसलेलं खाली ढकलायला. मी तो काढून घेतला.

डॉक्टर हृश्कोवा तरुण होत्या आणि घाईत होत्या. साहेबांना चेक येत नाही. डॉक्टरांना ग्रीक येत नाही. मला दोन्ही येतात, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले.

"गिळताना दुखतंय का, विचारा," डॉक्टर म्हणाल्या.

मी साहेबांकडे वळले. माझ्या डोक्यात एकही ग्रीक शब्द नव्हता. विमानतळसुद्धा नव्हता. मी डॉक्टरांचाच प्रश्न साहेबांना चेकमध्ये विचारला. ते बघत राहिले. मग मी तोच प्रश्न पुन्हा चेकमध्ये विचारला, जरा मोठ्याने. माझे विद्यार्थी हे सगळं पाहत होते.

इरोने मला बाजूला केलं. ती साहेबांच्या खाटेपाशी उभी राहिली आणि तिच्या तोंडून ग्रीक निघालं. पण पुस्तकातलं नव्हे. डोंगरातलं. म्हाताऱ्यांनी आठव्या वर्षी आगगाडीतून आणलेलं.

"आवंढा गिळताना कुटं खुपतंय का रं, दादा?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

"न्हाई ना? मंग भिऊ नगंस. पोटाला मुरडा येतोय का?"

"आमच्या पणजीच्या बकरीनं खिळा गिळलेला," कोस्मास मध्येच घुसला. त्याचे डोळे कोरडे होते. "ती जगली. मंग म्हातारी होऊन मेली."

"शौचाला शेवटचं कधी झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

मुलांची कुजबुज झाली. हा शब्द पाठ्यपुस्तकात नाही. कोस्मास पुढे झाला आणि त्या राखाडी कोटाला म्हणाला, "बाबा रं, परसाकडं कवा जाऊन आलास?"

साहेबांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, झटका आला. मी खाटेची कड धरली. पण ते हसत होते, पोट धरून, बसवलेले दात दिसेपर्यंत. मग डोळे पुसत ते उत्तरले, आणि त्यांच्या आवाजातली इस्त्री पार मोडलेली होती.

"सकाळच्याला, लेकरा. झाकटीला."

"तुमी बी डोंगरातलं?" इरोने विचारलं.

"आजी हुती. ती गेल्यापासनं असं बोललो न्हाई कुनाशी. हापिसात कुनाशी बोलायचं?"

मग नऊ मुलं एकदम बोलू लागली. कोणी बकरीचं, कोणी आजीच्या कमरेचं, कोणी विमानाचं सांगू लागलं. डॉक्टरांनी टाळी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं.

एक्स-रे आला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला. मी पुढे झाले, कारण मोजायला मला येतं, तेवढं तरी अजून येत होतं. पोटात एक गोल सावली, अठरा मिलिमीटर. तिच्या शेजारी दुसरी गोल सावली, वीस मिलिमीटर.

"दोन?" मी म्हणाले. चार घातली, तीन सापडली, बाकी दोन. 

दारापाशी कुबिचेकने टोपी काढली. "वीसवालं माझं," तो म्हणाला. "इथल्या एका क्राऊनचं. मला ठाऊक होतं साहेब कशाला येतायत ते. वरची खोली रिकामी झाली की नगरपालिका तिथे गोदाम करणार. म्हटलं, थोडं नशीब आपणही घालावं. रात्री दारातून पाहिलं, लोक सहाव्या तुकड्यात घालत होते, तर मीही."

"आणि मला कागद आणायला लावलात?"

"तो नियम आहे," कुबिचेक म्हणाला.

डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही आपसूक बाहेर पडतील, भरपूर पाणी प्या. मी साहेबांचा कोट धरून बाहेर आले. माझं ग्रीक परत येत होतं, आणि त्याच्याबरोबर खरी भीती. साहेबांनी पेन काढलं.

"पटावर अकरा आहेत," ते म्हणाले. "गाडीत मी नऊ मोजले. मांडीवरचे धरून."

थ्रासोकाका असते तर काही बोलले असते. मी त्यांचा कोट पुढे केला.

"ही मुलं काय बोलतात ते मी लिहीन. पान भरून लिहीन. पण बाई, वरती वाचणारा माणूस पान वाचत नाही. तो आकडा वाचतो. नऊ म्हणजे बंद."

इरोने हे हळू आवाजात कुबिचेकला चेकमध्ये सांगितलं. तो मिशा चावत उभा राहिला.

"वयाची अट आहे का, विचार," तो तिला म्हणाला.

"काय?" मी म्हणाले.

"वीस वर्षं या बायका माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतायत. हसतायत. मला एकदा कळू दे."

इरोने साहेबांना विचारलं. वयाची अट नव्हती. पण मोठा माणूस नव्याने आला, तर त्याचं नाव पटावर धरायला एक चाचणी असते. फेब्रुवारीअखेर अथेन्सहून बंद पाकिटात प्रश्नपत्रिका येते. वीस गुण. दहा मिळाले तर विद्यार्थी, नाहीतर पाहुणा.

"पाच आठवडे," मी म्हणाले.

"मी बोलिंग शिकवतो लोकांना," कुबिचेक म्हणाला. "शिकतात लोक."

लोक बोलिंग शिकतात, हे मला मान्य आहे. कुबिचेकला अक्षरं ओळखायलाच दोन आठवडे लागले. मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. कोस्मास त्याच्या मांडीवर बसून शब्द विचारायचा आणि चुकला की मिशी ओढायचा. माझी आजी घाबरली होती, वेगळ्या कारणाने. "हा शिकला तर आम्ही बोलायचं कुठे?" ती म्हणायची, आणि तरी रोज संध्याकाळी कांद्याच्या पातीची पाई घेऊन खाली जायची आणि तो खात असताना प्रत्येक भांड्याचं नाव त्याच्याकडून वदवून घ्यायची. आन्थुलाकाकू दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच भांड्यांची आपल्या गावची नावं शिकवायच्या. तो रात्री मला फोन करून विचारायचा, बरोबर कुठलं? मी म्हणायचे, दोन्ही. तो म्हणायचा, चाचणीत कुठलं? मला झोप येईना.

मधल्या काळात साहेबांचा फोन आला की नाणी बाहेर पडली. थ्रासोकाकांनी विचारलं, अठरावालं परत पाठवाल का, ते माझ्या वडिलांचं आहे.

प्रश्नपत्रिका आली तेव्हा पाकीट फोडताना मी दोनदा कात्री पाडली. पहिला भाग अक्षरांचा, दुसरा शब्दांचा. शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त गुणांचा: विमानतळावर तुम्ही काय करता, ते पाच वाक्यांत लिहा. कुबिचेकने पेन्सिल ओली केली आणि लिहू लागला. खाली अड्डा बंद ठेवला होता. दाराबाहेर सात आज्या, थ्रासोकाका आणि नऊ मुलं उभी होती, आणि इरो दाराच्या फटीतून बघून बाकीच्यांना कुजबुजत सांगत होती की तो हात हलवतोय, थांबलाय, पुन्हा हलवतोय.

वेळ संपल्यावर मी कागद पाकिटात घालताना शेवटचं उत्तर पाहिलं. विमानतळावर एक बकरी होती. तिने खिळा गिळला होता. ती विमानात बसायला भीत होती. कुबिचेकने तिला पाई खायला दिली होती. पाचवं वाक्य अर्धवट होतं. पाकीट टपालपेटीत टाकल्यावर मी बराच वेळ तिच्या फटीत हात घालून उभी होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. व्रातिस्लाव कुबिचेक: वीसपैकी साडेदहा.